शिवरात्रीला भरा, मृगाला उपसा



'उकिरड्याची दैना बारा वर्षांनी देखील फिटते,' अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. कितीही वाईट दिवस आले तरी ते कधीतरी पालटतात, असा तिचा अर्थ. म्हण चांगली आहे. पण आपल्या परसातल्या उकिरड्याला बारा वर्षे वाट पाहायला लावण्याचे काही कारण नाही. तो नीट भरला, तर तीन-साडेतीन महिन्यांत त्याचे काळेभोर खत होते. हे कसे करायचे, ते आपण या पाठात शिकू.

हा पाठ मोठ्या शेतासाठी नाही. घरामागे चार वाफे असतील, एखादा शेवगा असेल, पपईची दोन झाडे असतील, त्यांच्यापुरते खत घरच्या घरी कसे करावे, एवढेच आम्ही सांगणार आहोत.

दारात गुरे नाहीत, मग खत कसले?

खताची गोष्ट निघाली, की आमच्या वर्गात एक प्रश्न हमखास येतो. एकदा एक आजी म्हणाल्या,

"गुरुजी, आमच्याकडं ना गाय, ना म्हस. एक शेळी हुती ती पण इकली. आम्ही खत कशाचं करावं?"

आम्ही विचारले, "आजी, तुमच्या दारात झाड आहे का?"

"हाय की. निंबाचं हाय. पानं झाडून झाडून कंबर मोडती."

"त्या पानांचं काय करता?"

"काय करायचं? पेटवते."

"भाजीची देठं, शेंगांची टरफलं, चुलीतली राख?"

"ती उकिरड्यावर टाकते."

"मग आजी, तुमच्याकडं खत आहे. तुम्ही निम्मं जाळता आणि निम्मं उन्हात वाळवता."

वर्गात हशा झाला. आजीही हसल्या. पण यात थट्टा नव्हती. पुष्कळांना वाटते, खत म्हणजे शेण. ज्याच्या गोठ्यात गुरे, त्याच्याच घरी खत. हे खरे नाही. खताचा मोठा भाग पालापाचोळ्याचा असतो. शेण लागते ते विरजणापुरते. दुधाला चमचाभर विरजण पुरते ना? तसे पाटीभर कचऱ्याला ओंजळभर शेण पुरते. तेवढे शेजारच्या घरून मागून आणता येते. तेही मिळाले नाही, तर शेळीच्या लेंड्या चालतात, कोंबड्यांची विष्ठा चालते. काहीच नसेल तर जुन्या झाडाखालची, पाने कुजून झालेली काळी माती चालते.

तेव्हा ज्यांच्या दारात गुरे नाहीत, त्यांनी हा पाठ मुद्दाम लक्ष देऊन वाचावा.

उकिरड्यात काय बिघडते?

आपण कचरा उकिरड्यावर फेकतो. तो तिथे उघडा पडतो. ऊन लागले की त्यातला ओलावा उडतो. वाऱ्याने पाचोळा गावभर होतो. कोंबड्या आणि कुत्री तो उकरतात. पाऊस आला की त्यातला कस पाण्याबरोबर ओढ्याला जातो. वर्षाने पाहावे, तर वरचे वाळलेले आणि खालचे चिखल झालेले. चांगले खत थोडेच हाती लागते.

दुसरे नुकसान याहून मोठे आहे. उघड्या ओल्या घाणीवर माशी अंडी घालते. उन्हाळ्यात अंड्यापासून उडणारी माशी व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. तीच माशी उकिरड्यावरून उठते आणि मुलाच्या ताटावर बसते. हगवण आणि विषमज्वर घरात येण्याची ही एक वाट आहे. खड्डा झाकून ठेवला, की ही वाट बरीचशी बंद होते. खत मिळाले नसते, तरी एवढ्यासाठी खड्डा करावा. इथे तर खतही मिळते.

खत कोण करते?

रानात कोणी खत टाकायला जात नाही. तरी रानातली माती काळी आणि भुसभुशीत असते. पाने गळतात, पावसात भिजतात, कुजतात आणि मातीत मिळतात. हे काम कोण करते? डोळ्यांना दिसणार नाहीत असे बारीक जीव ते करतात. त्यांना जिवाणू म्हणतात. त्यांच्या जोडीला बुरशी असते, गांडुळे असतात. ही सगळी मंडळी पाला खातात. खाऊन उरते, ते खत.

तेव्हा खत आपण करत नाही, हे जीव करतात. आपण त्यांची सोय करायची. सोय तरी काय? आपल्याला जे लागते तेच. अन्न, पाणी आणि हवा. या तिन्हींपैकी एक जरी कमी पडले, तरी काम अडते. अन्न कमी पडले तर खड्डा थंड राहतो. पाणी कमी पडले तर कचरा महिनोन्महिने तसाच राहतो. हवा कमी पडली तर घाण वास सुटतो.

सुके आणि ओले

या जिवांचे अन्न दोन प्रकारचे असते. एक सुके, दुसरे ओले.

सुके म्हणजे वाळलेली पाने, गवत, गव्हाचे किंवा भाताचे काड, गुरांनी टाकलेला कडबा, शेंगांची टरफले, तुराटी, पऱ्हाटी, भुसा.

ओले म्हणजे भाजीची देठे, फळांच्या साली, हिरवे गवत, हिरवा पाला, चहाचा चोथा, शेण, लेंड्या, गोठ्यातली मुताने भिजलेली माती.

नुसती भाकरी घशाखाली उतरत नाही. नुसत्या कालवणाने पोट भरत नाही. दोन्ही बरोबर लागतात. इथेही तसेच. नुसते सुके भरले तर ते कुजत नाही. नुसते ओले भरले तर त्याचा चिखल होतो आणि वास मारतो. मापाने सांगायचे, तर तीन पाट्या सुके आणि एक पाटी ओले, हा हिशेब लक्षात ठेवा.

ओल्या मालात नत्र जास्त असते. नत्र हे पिकाचे मोठे अन्न आहे. त्यानेच पाने हिरवीगार होतात. गुरांच्या मुतात हे नत्र भरपूर असते. पण ते बहुधा गोठ्यातच मुरून वाया जाते. ज्यांच्याकडे गुरे आहेत, त्यांनी गोठ्यात पाचोळा किंवा कोरडी माती पसरावी. ती रात्रभर मूत पिते. सकाळी ती उचलून खड्ड्यात घालावी.

गोवऱ्यांबद्दलही एक शब्द. चूल पेटायला गोवरी लागते, हे आम्ही जाणतो. ज्यांना दुसरे जळण नाही त्यांना आम्ही काय सांगणार? पण गोवरी जाळली की तिच्यातले नत्र धुरावाटे जाते आणि हाती नुसती राख उरते. तेव्हा सगळ्या शेणाच्या गोवऱ्या थापू नका. आठवड्याला एक पाटी शेण खड्ड्यासाठी राखा.

खड्ड्यात काय घालू नये?

प्लास्टिकच्या पिशव्या, दुधाच्या आणि गुटख्याच्या पुड्या, काच, पत्रा, दाढीची पाती, विजेरीचे सेल, औषधाच्या बाटल्या यांतले काहीही नको. हे कधी कुजत नाही, आणि पुढे वाफ्यात हात घालणाराचा हात कापतो.

मांस, हाडे, मासळी आणि तेलकट शिळे अन्न नको. त्याने उंदीर आणि कुत्री येतात. माणसांची, कुत्र्या-मांजरांची विष्ठा नको. रोग पडलेली झाडे नकोत. तणनाशक मारलेले गवत नको, कारण त्याचा अंश खतात राहून भाजीला बाधू शकतो. गाजर गवत फुलावर येण्याआधी उपटलेले असेल तरच घाला, आणि उपटताना हातांना कापड गुंडाळा.

खड्डा कुठे आणि केवढा?

खड्डा झाडाच्या सावलीत असावा. भर उन्हात तो लवकर सुकतो. विहिरीपासून आणि पाण्याच्या हौदापासून लांब असावा. घराच्या भिंतीला लागून नसावा. पावसाचे पाणी वाहत येते त्या वाटेवर नसावा.

लांबी ४ फूट, रुंदी ३ फूट, खोली ३ फूट, एवढा खड्डा एका घराला पुरतो. याहून फार लहान करू नका. लहान ढीग तापत नाही, आणि तापला नाही तर लवकर कुजत नाही. खड्ड्याशेजारी तेवढीच मोकळी जागा ठेवा. माल बाहेर काढून पुन्हा भरायला ती लागते.

कोकणात किंवा जिथे थोडे खणले की पाणी लागते, तिथे खड्डा नको. तिथे जमिनीवरच ढीग करावा. चार कोपऱ्यांना चार बांबू रोवावेत आणि भोवती काठ्यांचा कूड करावा. आतले काम तेच.

थर कसे लावावेत?

अगदी तळाशी एक वीतभर जाड काड्या टाका. तुराटी, पऱ्हाटी, झाडाच्या बारीक फांद्या, काहीही चालेल. त्यांच्या फटींतून हवा खेळते. त्यावर थर असे लावा :

१. वीतभर सुका पालापाचोळा.
२. त्यावर चार बोटे ओला माल.
३. त्यावर शेणकाल्याचा सडा. बादलीभर पाण्यात दोन-तीन ओंजळी शेण कालवले, की काला झाला.
४. त्यावर मूठ-मूठ माती भुरभुरावी. चुलीतली राख टाकायची तर चिमटीनेच. राख फार झाली तर नत्र उडून जाते.

असे थरावर थर चढवत जा. पायाने तुडवू नका. तुडवले की हवा निघून जाते.

घरचा कचरा एका दिवसात एवढा साठत नाही. म्हणून संक्रांतीला खड्डा खणावा आणि महाशिवरात्रीपर्यंत हळूहळू भरावा. याच दिवसांत पानगळ चालू असते. पाने पेटवू नका. गोण्यांत भरून खड्ड्याशेजारी रचून ठेवा. रोज भाजीची देठे-साली टाकल्या, की त्या उघड्या ठेवू नका. वर दोन ओंजळी पाचोळा आणि मूठभर माती टाका. मग माशी बसत नाही.

खड्डा जमिनीच्या वर फूटभर येईल इतका भरावा. तो पुढे खाली बसतोच. शेवटी वर पाचोळ्याचा जाड थर द्यावा आणि ओले गोणपाट पांघरावे.

पाणी किती?

भरताना सगळे मिळून दहा-पंधरा बादल्या पाणी लागते. उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते, हे खरे. पण यासाठी विहिरीचे चांगले पाणी नको. तांदूळ धुतलेले, भाजी धुतलेले, भांडी विसळलेले पाणी चालते. साबणाचा फेस असलेले पाणी मात्र टाकू नका.

पाणी पुरेसे आहे की नाही, हे हातच सांगतो. आतला मूठभर माल घ्या आणि घट्ट दाबा. तळवा ओला झाला आणि बोटांतून एखादा-दुसरा थेंब आला, तर ठीक. धार लागली तर पाणी जास्त. तळवा कोरडा राहिला तर पाणी कमी.

चार सण, चार कामे

खड्डा भरला की तीन-चार दिवसांत तो आतून तापू लागतो. जिवाणूंचे काम जोरात सुरू झाल्याची ती खूण आहे. एक लोखंडी सळई ढिगात मधोमध खुपसा. पाव तासाने काढा आणि जपून हात लावून पाहा. चांगली गरम लागली, तर खत नीट होत आहे. नीट जमलेला ढीग ५५ ते ६० अंशांपर्यंत तापतो. आपल्या अंगात ताप भरला तरी पारा क्वचितच ४१ अंशांवर जातो. त्यावरून ढिगातली ऊब ओळखा. या उबेने तणाचे पुष्कळसे बी मरते आणि माशीच्या अळ्याही मरतात.

काही दिवसांनी ऊब कमी होते, कारण मधली हवा संपते आणि कडेचा माल कच्चाच राहतो. म्हणून माल तीन वेळा पालटावा लागतो. सगळा माल फावड्याने बाहेर काढावा. मग वरचा खाली, खालचा वर, कडेचा मध्ये, असा पुन्हा भरावा. कोरडा वाटला तर पाणी शिंपडावे.

पालटायचे कधी? भरल्यापासून साधारण सोळाव्या दिवशी, बत्तिसाव्या दिवशी आणि बासष्टाव्या दिवशी. एवढे आकडे कोण लक्षात ठेवणार? पण आपले सण नेमके याच दिवसांच्या आसपास येतात. पाहा :

महाशिवरात्र : खड्डा भरून पुरा करा.
होळी : पहिल्यांदा पालटा.
गुढीपाडवा : दुसऱ्यांदा पालटा.
अक्षय्य तृतीया : तिसऱ्यांदा पालटा.
मृग नक्षत्र : खत उपसा आणि वापरा.

शिवरात्रीपासून होळी सुमारे सोळा दिवसांनी येते. होळीपासून पाडवा पुन्हा तेवढ्याच दिवसांनी येतो. पाडव्यापासून अक्षय्य तृतीया महिन्याने येते. पुढे जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग लागतो, तोपर्यंत शंभराच्या आसपास दिवस होतात. पेरणीच्या आणि भाजी लावण्याच्या वेळी खत हाताशी असते.

मधे अधिक महिना आला, तर सणांवर जाऊ नका, दिवस मोजा. जे हे सण पाळत नाहीत, त्यांनीही भिंतीवर रोज कोळशाने एक रेघ ओढावी. सोळा, बत्तीस आणि बासष्ट या रेघांना खूण करावी. हिशेबही होतो आणि आकडे लिहिण्याचा सरावही होतो.

घरातल्या गडीमाणसांना इथे आमचे एक सांगणे आहे. शेण उचलणे, झाडलोट, कचरा टाकणे ही कामे घरोघरी बायाच करतात. खड्डा खणणे आणि माल पालटणे हे अंगमेहनतीचे काम आहे. ते तरी आपण करावे. तीन वेळा पालटायला वर्षातल्या तीन सकाळी जातात.

ही रीत आली कोठून?

ही रीत आपल्या देशातच आकाराला आली. इंदूर शहर तेव्हा होळकरांच्या संस्थानात होते. तिथल्या शेतीसंशोधन संस्थेत १९२४ पासून १९३१ पर्यंत अल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ काम करत होते. त्यांचे सहकारी होते यशवंत वाड. दोघांनी पाला, काड, शेण, मुताची माती आणि राख यांचे थर लावून, वेळापत्रकाने पालटून, तीन महिन्यांत खत करण्याची रीत बसवली. १९३१ मध्ये दोघांनी मिळून त्यावर पुस्तक लिहिले. या रीतीला 'इंदूर पद्धत' म्हणतात. हॉवर्ड साहेब आपल्या शेतकऱ्यांना स्वतःचे शिक्षक मानत असत, हीही गोष्ट सांगण्यासारखी आहे.

पुढे यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण पांढरीपांडे यांनी आणखी एक वाट दाखवली. कमी शेणात जास्त खत कसे होईल, हा त्यांचा ध्यास होता. त्यांनी विटांचे टाके बांधले. ते सुमारे १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच. हवा खेळावी म्हणून भिंतींना भोके ठेवली. त्यात १,४०० ते १,५०० किलो पालापाचोळा घालतात आणि शेण लागते फक्त ९० ते १०० किलो. बाकी माती आणि पाणी. हा माल पालटावा लागत नाही. तीन-चार महिन्यांत खत होते. त्यांच्या नावाच्या अक्षरांवरून या रीतीला 'नाडेप' म्हणतात. पंधरा किलो पाल्याला एक किलो शेण, असा हा हिशेब आहे. गुरे नसली तरी खत होते, असे आम्ही सुरुवातीला म्हणालो, ते याच आधारावर.

अडचण आणि उपाय

घाण वास आला : पाणी जास्त झाले किंवा हवा कमी पडली. माल पालटा आणि सुका पाचोळा मिसळा.

ढीग तापला नाही : ओला माल कमी आहे किंवा पाणी कमी आहे. शेणकाला शिंपडा.

मुंग्या किंवा वाळवी लागली : माल कोरडा आहे. पाणी द्या आणि पालटा.

पांढरी बुरशी दिसली : घाबरू नका. तीही कुजवण्याचेच काम करते.

पांढऱ्या, जाड, वाकड्या अळ्या निघाल्या : पालटताना वेचून कोंबड्यांना घाला. यांत हुमणीही असू शकते. ती वाफ्यात गेली तर झाडांची मुळे खाते.

पाऊस आला : वर पत्रा, झाप किंवा ताडपत्री घाला आणि भोवती चर काढा.

जिवाला जपा

पाचोळ्यात विंचू असतो, कधी सापही असतो. हात घालून माल काढू नका. फावडे किंवा दाताळे वापरा. अनवाणी खड्ड्यात उतरू नका. शेणामातीत धनुर्वाताचे जंतू असतात. पायाला काच किंवा खिळा लागला, तर हळद भरून गप्प बसू नका. जखम स्वच्छ धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन धनुर्वाताची सुई टोचून घ्या. काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत. घरात लहान मूल असेल, तर खड्ड्याभोवती काट्याचे कुंपण करा. पाणी भरलेला खड्डा मुलाच्या जिवावर बेततो.

खत झाले, हे कसे ओळखावे?

तयार खत काळसर तपकिरी दिसते. हातात घेतले तर थंड आणि भुसभुशीत लागते. पान कोणते आणि देठ कोणते, हे ओळखू येत नाही. वास पहिल्या पावसाने भिजलेल्या मातीसारखा येतो. भरला होता त्याच्या निम्म्याहून कमी माल उरतो.

शंका असेल तर एका फुटक्या मडक्यात थोडे खत आणि माती भरा. त्यात मेथीचे दाणे टाका. चार-पाच दिवसांत चांगले उगवून आले, तर खत तयार आहे. उगवले नाहीत किंवा पिवळे पडले, तर आणखी पंधरा दिवस थांबा. कच्चे खत घालण्याची घाई करू नये. त्याने रोपे करपतात.

किती घालावे आणि किती पुरते?

आपल्या खड्ड्यातून दीडशे-दोनशे किलो खत निघते. भाजीच्या वाफ्यांना गुंठ्याला सुमारे दोनशे किलो खत लागते. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा. म्हणजे एका खड्ड्याचे खत एका परसबागेला जवळजवळ पुरते. दहा फूट लांब आणि तीन फूट रुंद वाफ्याला एक घमेले द्या. खत वर पसरून ठेवू नका, मातीत मिसळा. झाडाला देताना बुंध्याला टेकवू नका. थोडे दूर आळे करा, त्यात घाला आणि वर माती ओढा.

आता खरे ते सांगतो. या खताच्या शंभर किलोंत नत्र साधारण अर्धा ते दीड किलोच असते. युरियाच्या शंभर किलोंत ते ४६ किलो असते. तेव्हा एका खड्ड्याच्या जोरावर दहा एकर कापूस येईल, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. पण युरियाने माती भुसभुशीत होत नाही. ती या खताने होते. अशी माती पाणी धरून ठेवते. दोन दिवस पाणी चुकले तरी वांग्याचे झाड लगेच मान टाकत नाही. आणि परसातल्या दुधी, दोडका, घेवडा, वांगी, मेथी यांच्यासाठी दुकानात उधारी करायला नको. घरात रोज चार घास ताजी भाजी आली, की मुलांच्या आणि पोटुशी बाईच्या अंगी लागते.

ज्या आजींनी पहिला प्रश्न विचारला, त्यांच्यासारखी घरे प्रत्येक गावात आहेत. शेत नाही, गुरे नाहीत, पण दारात एक झाड आहे आणि मागे हातभर जागा आहे. त्यांना एवढे भांडवल पुरेसे आहे. येत्या संक्रांतीला कुदळ घ्या.

उजळणी

१. उघड्या उकिरड्यामुळे कोणती दोन नुकसाने होतात?
२. कचऱ्याचे खत कोण करते? त्यांना कोणत्या तीन गोष्टी लागतात?
३. सुका माल तीन पाट्या असेल तर ओला किती घ्यावा? सुका नऊ पाट्या असेल तर?
४. खड्डा कोणकोणत्या सणांना पालटावा?
५. मूठ दाबून काय समजते?
६. तुमच्या घरचा रोजचा कचरा आठवा. त्याच्या दोन याद्या लिहा : सुके आणि ओले.

नवे शब्द

जिवाणू : डोळ्यांना न दिसणारे अतिशय बारीक जीव.
नत्र : हवेत, शेणात आणि मुतात असणारे, पिकाला लागणारे द्रव्य.
परसबाग : घरामागच्या जागेतली बाग.
पालटणे : वरचा माल खाली आणि खालचा वर करणे.
धनुर्वात : जखमेतून जंतू जाऊन होणारा, अंग ताठ करणारा प्राणघातक रोग.